विषय क्रमांक ९

मला बोलायला तीन मिनिटं होती. समोरच्या काळ्या डबीवर तीन दिवे, हिरवा, पिवळा आणि लाल. पिवळा लागला तेव्हा मी दुसऱ्याच परिच्छेदात घुटमळत होते. घरी ओट्याशी उभी राहून, मोबाईलवर वेळ लावून हेच भाषण चारदा म्हणून पाहिलं होतं. पण घरी समोर फक्त कुकर होता, इथे घोड्याच्या नालासारख्या टेबलाभोवती नऊ माणसं. लाल लागला. वाक्य अर्ध्यात सोडून मी ‘थँक यू’ म्हटलं आणि खाली बसले. कौन्सिलच्या लीडरनी माझे आभार मानले. अधिकाऱ्यांनी टिपणीचा सारांश सांगितला, एका सदस्याने एक प्रश्न विचारला, शिक्षण खातं सांभाळणाऱ्या बाईंनी ‘हे सुचवताना आनंद होत नाही’ अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं, आणि विषय क्रमांक ९ मंजूर झाला. आमची प्राथमिक शाळा ३१ ऑगस्टला कायमची बंद. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, माझी तीन धरून अकरा मिनिटं.

विषय क्रमांक १० रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता. तो बराच वेळ चालला.

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, बर्मिंगहॅमहून रेल्वेने अर्ध्या तासावरच्या एका बरोत, म्हणजे स्वतःची कौन्सिल (इथली नगरपालिका) असलेल्या भागात, मी सव्वीस वर्षं राहते. बरोचं नाव सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही. हे वाचलं तर निम्म्या इंग्लंडला ही आपलीच कौन्सिल वाटेल. मुलगी त्या शाळेत होती तेव्हा मी पालक होते, ती पुढे गेल्यावर शाळेची गव्हर्नर झाले. गव्हर्नर म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन समितीवरचा बिनपगारी सदस्य. हे मी अण्णांना, माझ्या वडिलांना, फोनवर नीट समजावून सांगितलं होतं, तरी त्यांनी गावात सगळ्यांना ‘मुलगी तिकडे गव्हर्नर आहे’ एवढंच सांगितलं आणि पुढचं स्पष्टीकरण गिळलं. मी गावी गेले की मारुतीच्या पारावरचे दोघेतिघे अजून उठून उभे राहतात.

अण्णा नगरपालिकेत, लेखा विभागात. कारकून म्हणून लागले, लेखापाल होऊन १९९९ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी नगरपालिकांची जकात उठली, आणि ‘मी गेलो तशी जकातही गेली’ हा त्यांचा विनोद तेव्हापासून चालू आहे. आमच्या घरची बोलीच अंदाजपत्रकाची. आईने नव्या पडद्यांचा विषय काढला की ‘त्या हेडला तरतूद नाही.’ मला सहलीला पैसे हवे असले की ‘कुठल्या हेडला टाकू?’ मग स्वतःच ‘शैक्षणिक’ म्हणून खिशात हात घालायचे. हेड म्हणजे हिशेबातलं खर्चाचं खातं, पण लहानपणी मला ते डोकंच वाटायचं. प्रत्येक खर्च कुणाच्या तरी डोक्यावर जातो, असा मी अर्थ लावला होता.

त्यामुळे इथल्या कॅबिनेटच्या बैठकीत मी पहिल्यांदा जाऊन बसले तेव्हा परकं असं फारसं वाटलं नाही. पहिला विषय काय, तर मागच्या सभेचं इतिवृत्त. अण्णांच्या कार्यक्रमपत्रिकेवर तो ‘वाचून कायम करणे’ असा छापलेला असायचा. इथेही कोणी वाचत नाही, कायम मात्र करतात.

फरक आहे तो कॅबिनेट या शब्दात. पूर्वी इथेही आपल्यासारख्या समित्याच होत्या, सगळ्या पक्षांचे सदस्य असलेल्या. २००० सालच्या कायद्याने बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी लीडर आणि त्याचं कॅबिनेट आणलं. लीडर धरून जास्तीत जास्त दहा जण. एकाकडे रस्ते, एकाकडे शाळा, एकाकडे पैसा. बाकीचे नगरसेवक छाननी समितीत बसून, झालेल्या निर्णयाला हरकत घेऊन तो फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, फार तर. निर्णय चटकन व्हावेत आणि कोणी घेतला हे कळावं, असा हेतू होता. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “म्हणजे मेयर-इन-कौन्सिल! मुंबईत आणि नागपुरात ९८ साली आणलं होतं की. वर्षभरात गुंडाळलं.” इंग्लंडमध्येही सगळ्यांना ते मानवलं नाही. शेफील्डच्या लोकांनी २०२१ साली सार्वमत घेऊन कॅबिनेट मोडीत काढलं आणि पुढच्या वर्षापासून समित्या परत आणल्या. आमच्या बरोत कोणी तसा प्रयत्न केलेला नाही. प्रेक्षकांच्या खुर्च्या चाळीस आहेत, आणि आमचा विषय होता त्या संध्याकाळीसुद्धा बारा रिकाम्या होत्या.

आता शाळेबद्दल. दर इयत्तेला एक वर्ग, वर्गात तीस मुलं, अशी तिची मंजूर क्षमता. इथे लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसहून अधिक मुलं कायद्याने चालत नाहीत. पण तीसहून कमी असली तर काय, ते कायदा सांगत नाही. ते पैसा सांगतो. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी देशभरच्या शाळांत मुलांची मोजदाद होते आणि त्या दिवशी पटावर जितकी मुलं, त्यावर पुढच्या वर्षाचा पैसा ठरतो. आपल्याकडे २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटांना शाई लावून. ती बोगस पट पकडायला. आमचा पट अगदी खरा होता, हेच दुखणं. शेवटच्या वर्षी आमच्या सर्वांत लहान वर्गात सतरा मुलं होती. सतरा मुलांनाही एक पूर्ण शिक्षिका लागते, एक मदतनीस लागते, आणि वर्गातला हीटर सतरा मुलांसाठी कमी पेटत नाही.

मुलं गेली कुठे? कुठेच गेली नाहीत, जन्मलीच नाहीत. इंग्लंड आणि वेल्स मिळून २०१२ मध्ये सुमारे ७ लाख ३० हजार बाळं जन्माला आली होती, २०२३ मध्ये ५ लाख ९१ हजार. मधल्या वर्षांत वाढत्या संख्येसाठी ज्या कौन्सिलांनी शाळांना नवे वर्ग बांधून दिले, त्यांच्यावरच आता वर्ग कमी करायची पाळी आली. आमच्याही शाळेच्या आवारात असा एक वर्ग होता, निळ्या दाराचा. तो बांधायचं कर्ज फिटलं की नाही कोण जाणे.

तर टिपणी खोटी नव्हती, हे मला आधीच कबूल केलं पाहिजे. मी तीन मिनिटांत तिला खोटं पाडायला गेले नव्हते. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. आधी पालकांच्या बैठका झाल्या. मग शाळेच्या फाटकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस लागली आणि चार आठवडे हरकती व सूचना मागवल्या गेल्या. हरकती दोनशेच्या वर आल्या, सूचना पाच. सगळ्यांचा तक्ता करून टिपणीला जोडला. समतेचा कायदा असल्यामुळे कोणावर काय परिणाम होईल याचाही एक तक्ता होता. त्यात ‘लहान मुलं असलेल्या महिला’ या ओळीपुढे लिहिलं होतं: परिणाम, मध्यम नकारात्मक, उपाय, पालकांना माहितीपत्रक देणे.

पूर्ण कार्यक्रमपत्रिका चारशेहून जास्त पानांची. भाच्याने अण्णांना त्यातली वीसेक पानं छापून दिली. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला तर अण्णा चष्मा लावून, पेन्सिल घेऊन तयार. पानांवर बारीक बरोबरच्या खुणा.

“लिहिणाऱ्याला काम येतं हो,” ते म्हणाले. अण्णांच्या तोंडून ही मोठी पावती. “पण हे परिशिष्ट ‘ग’ काय आहे? सेव्हिंग्ज म्हणजे?”

परिशिष्ट ‘ग’ म्हणजे पुढच्या वर्षाच्या बचतीचे प्रस्ताव. प्रत्येक ओळीला एक सांकेतिक क्रमांक, एक वाक्याचं वर्णन आणि हजार पौंडांत एक आकडा. वाचनालयांचे तास कमी करणे. बागेतलं स्वच्छतागृह बंद करणे. रस्त्याकडेचं गवत वर्षातून नऊऐवजी चार वेळा कापणे. शाळेच्या जेवणाचा दर वाढवणे. युवक केंद्र एखाद्या स्वयंसेवी संस्थेने घेतलं तर देऊन टाकणे. शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं काढणे. आणि आमची शाळा.

“ही बचत कशी?” अण्णा म्हणाले. “बचत म्हणजे सगळं भागवून उरतं ती. पोस्टात ठेवतो ती. तेच काम कमी पैशात केलं तर त्याला म्हणायचं काटकसर. आणि कामच बंद केलं तर कपात. तीन वेगळे शब्द आहेत आपल्याकडे. ह्यांनी तिन्हींना मिळून एकच ठेवलाय.”

मी काही बोलले नाही. सव्वीस वर्षं मी तो शब्द वाचत होते, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांनी वायसरची गोष्ट सांगितली. ती मी आधी ऐकलेली होती, पण अण्णांच्या गोष्टी ठरावासारख्या असतात, पुन्हा मांडल्या तरी मंजूर करायच्या. आमच्या गावात एका साली फार काटकसरी मुख्याधिकारी आले. आल्या आल्या त्यांनी किरकोळ खरेदीला कात्री लावली, त्यात सार्वजनिक नळांचे वायसर आणि तोट्या गेल्या. रकमेने अगदी क्षुल्लक. सहा महिन्यांत गावातले निम्मे नळ गळायला लागले. लोकांनी चिंध्यांचे बोळे कोंबले, लाकडाच्या खुंट्या मारल्या. टाकी भरेना, म्हणून पंप जास्त वेळ चालवायला लागला, विजेचं बिल चढलं. “आता गंमत बघ,” अण्णा म्हणाले. “वायसर होते दुरुस्तीच्या हेडला आणि वीज होती विजेच्या हेडला. दोन्ही हेड एका पानावर येत नाहीत. दुरुस्तीचं पान फिरवलं तर बचत दिसते. साहेबांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ. शालीचं बिल मीच पास केलं.”

आमच्या घरात नळ होता. मागच्या आळीत नव्हता. तिथल्या बायका पहाटे चारला हंडे लावायच्या ते मला आठवतं, कारण दहावीच्या वर्षी त्यांच्या भांडणाने मला जाग यायची आणि आई म्हणायची, बरं झालं, आता अभ्यासाला बस. त्यांचा तो वेळ दुरुस्तीच्या हेडलाही नव्हता आणि विजेच्याही.

वायसरच्या गोष्टीची फार मोठी आवृत्ती बघायची असेल तर बर्मिंगहॅमला जावं. या शहराला स्थानिक कारभाराचा भारी अभिमान, आणि तो रास्त आहे. १८७३ ते १८७६ जोसेफ चेंबरलेन इथले महापौर होते. त्यांनी खासगी कंपन्यांकडून गॅस आणि पाणी शहराच्या ताब्यात घेतलं आणि गॅसच्या नफ्यातून शहर सुधारलं. नगरपालिका म्हणजे फक्त गटारं उपसणारं खातं नव्हे, हे इतर शहरांनी बर्मिंगहॅमकडून शिकावं, असा तो काळ. तीच कौन्सिल, युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्थानिक संस्थांपैकी एक, ५ सप्टेंबर २०२३ रोजी कलम ११४ खाली हात वर करून मोकळी झाली. १९८८ च्या कायद्यातलं हे कलम म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याने लेखी सांगणं, की जमेपेक्षा खर्च जास्त आहे, आता अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. इथल्या कायद्याप्रमाणे कौन्सिलला चालू खर्चात तूट दाखवताच येत नाही. अण्णांना हे फार आवडलं. आमच्या गावचं अंदाजपत्रकही कधी तुटीचं नसे. दरवर्षी काही हजारांनी शिलकीच असे, आणि ते शिलकी कसं केलं हे अण्णांना ठाऊक असे.

बर्मिंगहॅमच्या या अवस्थेची कारणं एकाहून जास्त. सरकारी अनुदान २०१० नंतर आटत गेलं. हिशेबाची नवी संगणक प्रणाली १ कोटी ९० लाख पौंडांत व्हायची होती, ती १० कोटींच्या पुढे गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये चालू झाल्यावर तिच्यातून धड ताळेबंद निघेना. पण सगळ्यांत मोठं ओझं समान वेतनाचं होतं. वर्षानुवर्षं कौन्सिलच्या कचरा उचलणाऱ्या, रस्ते झाडणाऱ्या, कबरी खणणाऱ्या पुरुषांना बोनस मिळत होता. त्याच श्रेणीतल्या स्वयंपाकिणींना, सफाई करणाऱ्या बायकांना, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना मिळत नव्हता. समान वेतनाचा कायदा १९७० चा, अमलात आला १९७५ च्या अखेरीस. म्हणजे नियम होता, हेड होतं, तरतूद तेवढी कोणी केली नाही.

२०१२ मध्ये १७४ जणांचा, बहुतेक माजी कर्मचारी बायकांचा, खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. प्रश्न साधा होता. नोकरी सोडल्यावर औद्योगिक लवादाकडे सहा महिन्यांतच जाता येतं. ती मुदत गेली तर दिवाणी न्यायालयात सहा वर्षांपर्यंत दावा लावता येईल का? न्यायालय म्हणालं, येईल. पुढच्या काळात कौन्सिलने असे दावे मिटवायला सुमारे ११० कोटी पौंड मोजले, आणि एवढं करून २०२३ मध्ये आणखी ६५ ते ७६ कोटींचं देणं समोर उभं असल्याचं सांगितलं.

मी हे आकडे अण्णांना वाचून दाखवले. ते कोटी ऐकून नाही, वर्षं ऐकून गप्प झाले. “म्हणजे शाळेतल्या स्वयंपाकिणींच्या पगारातून शहराने चाळीस वर्षं बचत केली,” ते म्हणाले.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलेलंच आहे. सरकारने आयुक्त बसवले. मार्च २०२४ मध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ९.९९ टक्क्यांनी वाढला आणि दोन वर्षांत ३० कोटी पौंड कमी करायचं ठरलं. वाचनालयं, युवक सेवा, कलासंस्थांची अनुदानं, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडसुद्धा. २०२५ मध्ये कचरा उचलणाऱ्यांनी संप केला. कचरागाडीवरचं एक पद कौन्सिलने रद्द केलं होतं त्यावरून, आणि ते पद ठेवलं तर समान वेतनाचे दावे पुन्हा उभे राहतील असं कौन्सिलचं म्हणणं. मार्चअखेर रस्त्यांवर सतरा हजार टन कचरा साचला होता. त्या दिवसांत मैत्रिणीकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तर तिच्या गल्लीत काळ्या पिशव्यांची खांद्याएवढी भिंत झाली होती आणि पिशव्यांना भोकं पडलेली. भोकं कोणी पाडली ते विचारायची गरज नव्हती, उंदीर दिवसाउजेडी पळत होते.

आमची बरो तेवढी बुडालेली नाही. ती आपली काठाकाठाने चालते. जमेतला बराच मोठा भाग म्हाताऱ्यांची देखभाल आणि निराधार मुलांची काळजी यांत जातो, आणि ते कमी करता येत नाही, कारण ते कायद्याने बंधनकारक आहे. कराचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या प्रत्येक घराचा कौन्सिल टॅक्स त्या घराची १ एप्रिल १९९१ ला काय किंमत आली असती यावर ठरलेल्या पट्ट्याने बसतो. हे ऐकून अण्णा खरोखर हादरले. “आम्ही चार वर्षांनी फेरआकारणी केली नाही तर ऑडिट पॅरा यायचा! आणि हे १९९१ पासून…?” त्यांच्या मनातलं ब्रिटिश साम्राज्य तेव्हा संपलं असावं.

तर कात्री कुठे चालवायची? जे बंधनकारक नाही त्याच्यावर. शाळेसमोरच्या आजी बंधनकारक नव्हत्या.

इथे त्यांना लॉलीपॉप लेडी म्हणतात. गुडघ्याखाली येणारा पिवळाजर्द कोट, चंदेरी पट्टे, हातात उंच काठी आणि काठीच्या टोकाला गोल पाटी, म्हणून लॉलीपॉप. १९५३ साली पार्लमेंटने त्यांच्यासाठी वेगळा कायदाच केला. त्यांनी काठी पुढे धरली की गाडी थांबवावीच लागते, न थांबणं गुन्हा. पण अशी माणसं नेमलीच पाहिजेत असं कुठला कायदा म्हणत नाही. आमच्या आजी एकोणीस वर्षं त्या कोपऱ्यावर होत्या. डिसेंबरात सकाळी साडेआठला धड उजाडलेलं नसतं, पावसाची भुरभुर, आणि त्या अंधारात तो पिवळा कोट. त्या गाड्या तर थांबवायच्याच. पण खरं काम दुसरंच होतं. कोणाच्या डब्याचं झाकण उघडं आहे, कोण आज रडत आलंय, कोणाला आईऐवजी काका सोडायला आलेत, हे त्यांना आधी कळायचं आणि मुख्याध्यापिकेला मग. एकदा माझ्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे आज उपास आहे, म्हणून आम्ही खूप खाणार आहोत. त्या मला महिनाभर विचारत होत्या, ‘पुन्हा कधी आहे तुमचा उपास?’

परिशिष्ट ‘ग’मध्ये सगळ्या कोपऱ्यांवरच्या अशा सगळ्या माणसांची मिळून एक ओळ होती. त्यातला आमच्या आजींचा वाटा काढला तर वर्षाला पाच हजार पौंडही भरले नसते. शाळा बंद होण्याआधीच, ईस्टरच्या सुट्टीनंतर त्या आल्या नाहीत. मुलांनी काढलेली चित्रं त्यांच्या खांबाला सुतळीने बांधली होती. दोन दिवसांनी पाऊस आला आणि रंग पिवळ्या रेषेवर उतरले.

बैठकीनंतर कॉफीच्या मशीनपाशी शिक्षण खात्याच्या बाई भेटल्या. मी तोंड चुकवणार होते, त्यांनीच थांबवलं. त्या स्वतः वीसेक वर्षं प्राथमिकला शिकवत होत्या. “तुमचं भाषण अर्धवट राहिलं,” त्या म्हणाल्या. “शेवटी काय म्हणणार होतात?” मी पर्समधून कागद काढून त्यांना दिला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचला, घडी घालून परत केला आणि म्हणाल्या, “मी तुमच्या जागी असते तर हेच बोलले असते. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?” चिडले मी त्यावर. पण रात्री आडवी पडले तेव्हा लक्षात आलं की मी खरंच परिशिष्ट ‘ग’ मनात वाचत होते, वरून खाली, आणि आमच्या शाळेऐवजी कुठली ओळ पुढे करावी ते शोधत होते. बागेतल्या स्वच्छतागृहापर्यंत पोचले आणि बाजूच्या बाकावर रोज बसणारे म्हातारे आठवले. मग झोप लागली.

पुढच्या सभेत आमच्या सभेचं इतिवृत्त आलं. माझ्या तीन मिनिटांची एक ओळ झाली होती: ‘शाळेच्या एका गव्हर्नरांनी निवेदन केले, कॅबिनेटने त्याची नोंद घेतली.’ कायम झालं तेही.

सप्टेंबरपासून मुलं नव्या शाळेत जातात. शाळा चांगली आहे. खोटं कशाला सांगू, आमच्यापेक्षा मोठं मैदान, संगीताला वेगळी खोली. आमच्या शेजारच्या घरात पाच वर्षांचा एक मुलगा आणि त्याची आई राहतात. आई केअर होममध्ये सकाळपाळीला. जुनी शाळा कोपऱ्यावर, तिथे साडेसातला मुलांच्या न्याहारीची सोय होती. पोराला सोडून ती आठच्या आत कामावर पोचायची. नव्या शाळेतली न्याहारीची यादी जूनमध्येच भरली होती. अंतर एक मैल आणि वर पाऊण. मी विचारलं, कौन्सिलची बस? ती म्हणाली, अर्ज केला होता, बसत नाही. आठ वर्षांखालच्या मुलाला दोन मैलांपेक्षा लांब जावं लागत असेल तरच बस, त्याच्यावरच्या मुलांना तीन मैल. हे आकडे १९४४ च्या शिक्षण कायद्यातले, तसेच चालू आहेत.

“दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर,” अण्णांनी तिकडे बोटांवर हिशेब केला. “आपल्याकडे कायद्यात पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी म्हणतात. असते का, ते सोड. पण पाच वर्षांचं पोर सव्वातीन किलोमीटर चालणार कसं?”

मी सांगितलं की रस्ता सुरक्षित आहे का हे कौन्सिल बघते. मात्र बघताना असं धरून चालते की मुलाबरोबर गरज पडेल तेव्हा मोठं माणूस आहे.

“आणि मोठं माणूस कुठनं येतं?”

शेजारणीने आपली पाळी बदलून मागितली. आता ती सव्वानऊला लागते, आठवड्याला सहा तासांचा पगार कमी झाला. मंगळवार-गुरुवारी तरीही जमत नव्हतं, तेव्हा एका संध्याकाळी दारात उभी राहून, चार वेळा सॉरी म्हणून तिने मला विचारलं. मी ऑफिसला मंगळवारी आणि गुरुवारी उशिरा येते म्हणून कळवलं. अर्धा पगारी तास, दोनदा. आम्ही दोघं सव्वाआठला निघतो. तीन मोठे रस्ते ओलांडायचे आहेत, त्यातल्या मधल्याला सिग्नल नाही. तिथे तो माझा हात न सांगता घट्ट धरतो आणि ‘आता?’ ‘आता?’ असं विचारत राहतो. परवा एका व्हॅनवाल्याने थांबून आम्हाला जाऊ दिलं तर याने डब्याची पिशवी उंच धरून त्याला दाखवली, आजी काठी धरायच्या तशी.

हे सगळं मी रविवारी अण्णांना सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर, शेजारी खुर्चीवर अजून ती वीस पानं, वर चष्म्याची डबी ठेवलेली.

“शेजारणीचे सहा तास, तुझा एक,” ते म्हणाले. “आठवड्याचे सात झाले. बाकीच्या पोरांच्या घरचे आणखी.” पेन्सिल शोधली, मिळाली नाही. “हे कुठल्या हेडला टाकलंय त्यांनी?”